तीन फासे, सहा चित्रं : अपेक्षित मूल्य कसं काढायचं

"मॅडम, फासे तीन, चित्रां सहा. म्हणजे अर्धा-अर्धा झाला ना?"

तास संपल्यावर टेबलापाशी येऊन एका मुलानं मला हे विचारलं, त्याला आता चार वर्षं झाली. मी सावंतवाडीत बारावीच्या वाणिज्य शाखेला गणित शिकवते. कार्तिकात आमच्या भागातल्या गावोगावच्या जत्रा सुरू होतात. रात्रभर दशावतारी नाटक, देवळाबाहेर खाजं आणि लाडवांची दुकानं, आणि जिथे उजेड संपतो तिथे एखाद्या कोपऱ्यात फाशांचा पट. कायद्यानं बंदी आहे, तरी कुठे ना कुठे तो मांडलेला असतोच. पटावर सहा चित्रं असतात. आपण एका चित्रावर पैसे ठेवायचे. पटवाला डब्यात तीन फासे खुळखुळवतो आणि डबा उपडा करतो. फाशांच्या सहा बाजूंवर तीच सहा चित्रं. आपलं चित्र एका फाशावर आलं तर लावले तेवढे पैसे वर मिळतात, दोन फाशांवर आलं तर दुप्पट, तिन्हींवर आलं तर तिप्पट. लावलेले पैसे परत मिळतात ते वेगळेच. एकाही फाशावर आलं नाही तर लावलेले गेले.

त्या मुलानं दहा-दहा रुपयांचे शंभरेक डाव खेळले होते आणि त्याचे एकशे ऐंशी रुपये गेले होते. तो कुरकुर करत नव्हता. त्याला त्याच्या हिशोबातली चूक हवी होती. हिशोब असा : एका फाशावर माझं चित्र येण्याची संभाव्यता एक षष्ठांश. फासे तीन, म्हणून तीन षष्ठांश, म्हणजे अर्धी. अर्ध्या वेळा मी जिंकणार, अर्ध्या वेळा पटवाला. शिवाय मी जिंकतो तेव्हा कधी दुप्पट, कधी तिप्पट. मग खेळ माझ्याच बाजूला झुकलेला असायला हवा. तरी पैसे गेले कसे?

इतका प्रामाणिक प्रश्न शिक्षकाच्या वाट्याला रोज येत नाही. 'अपेक्षित मूल्य' हा धडा मी तोवर पुस्तकातल्या क्रमानं शिकवत होते : व्याख्या, सूत्र, चार उदाहरणं, स्वाध्याय. त्या दिवसापासून मी तो या पटापासून शिकवते. इथेही तसंच सांगते, फक्त आधी एक सोपं उदाहरण हाताखालून घालू.

आमच्या गावची गंजिफा पुष्कळांनी पाहिली असेल, निदान चित्रात तरी. दशावतारी गंजिफात १२० गोल पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येक संचात १२ पत्ते : एक ते दहा, मग प्रधान आणि राजा. आता खऱ्या खेळाचे नियम बाजूला ठेवा, मी वर्गासाठी एक नियम केला आहे. पत्ते पिसून एक पत्ता काढायचा. एक ते दहामधला आला तर त्यावर जितकी चिन्हं तितके गुण. प्रधान आला तर १५, राजा आला तर २०. एका वेळी सरासरी किती गुण मिळतील?

कुठला अवतार आला यानं गुण बदलत नाहीत. त्यामुळे १२० पत्त्यांऐवजी १२ प्रकारांचाच विचार पुरतो, आणि प्रत्येक प्रकाराचे दहाच पत्ते असल्यानं प्रत्येकाची संभाव्यता १/१२. एक ते दहाची बेरीज ५५, त्यात १५ आणि २० मिळवले की ९०. नव्वदला बारानं भागलं की ७.५. हेच अपेक्षित मूल्य.

साडेसात गुणांचा पत्ता गंजिफात नाही. म्हणून मला वाटतं, या संज्ञेतल्या 'अपेक्षित' या शब्दानं मुलांची फार दिशाभूल होते. 'अपेक्षित' म्हटलं की त्यांना वाटतं, पुढचा पत्ता साधारण असाच येईल. तसं नाही. पुन्हा पुन्हा पत्ता काढला, प्रत्येक वेळी तो परत ठेवून पिसला, आणि शेकडो वेळा हे करून मिळालेल्या गुणांची सरासरी घेतली, तर ती साडेसातच्या जवळ येत जाते. एवढंच हा आकडा सांगतो. एकेका पत्त्याबद्दल तो काही सांगत नाही.

आता पट.

पहिलं काम : आपण कोणती संख्या मोजतोय ते वाक्यात लिहून काढा. मी मुलांना हे वाक्य लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, आणि परीक्षेत सर्वांत जास्त गुण याच जागी जातात. 'एका डावानंतर माझ्या खिशात झालेला बदल, रुपयांत.' असं वाक्य लिहिलं की पुढचे गोंधळ आपोआप टळतात. दहा रुपये लावले आणि चित्र एका फाशावर आलं तर हातात वीस रुपये पडतात, पण त्यातले दहा माझेच होते. खिशातला बदल अधिक दहा. हरलो तर उणे दहा. काही मुलं जिंकल्यावर 'वीस' लिहितात आणि हरल्यावर 'उणे दहा', म्हणजे लावलेले दहा रुपये एका ओळीत धरले आणि दुसऱ्या ओळीत सोडले. तुम्हाला हातात पडणारी पूर्ण रक्कमच मोजायची असेल तर खुशाल मोजा, हरल्यावर शून्य लिहा आणि शेवटी लावलेले दहा एकदाच वजा करा. दोन्ही रीती चालतात. मिसळ चालत नाही.

दुसरं काम : ती संख्या कोणकोणत्या किमती घेऊ शकते ते सगळं लिहा, हरल्याची ओळ सगळ्यांत आधी. बक्षिसं ठळक दिसतात, म्हणून मुलं आधी तीच लिहितात, आणि हरण्याची ओळ राहून जाते. इथे चार ओळी होतात : एकाही फाशावर नाही, एकावर, दोनांवर, तिन्हींवर.

तिसरं काम संभाव्यतेचं, आणि त्या मुलाची गाडी इथेच अडली होती. तीन फासे वेगवेगळ्या रंगांचे आहेत असं समजा, लाल, हिरवा, पिवळा. प्रत्येकाच्या सहा बाजू, म्हणून नमुना अवकाशात, म्हणजे सगळ्या शक्य निकालांच्या यादीत, ६ × ६ × ६ = २१६ निष्पत्ती (निकाल), सगळ्या समान शक्यतेच्या. त्यातल्या कितींत माझं चित्र एकदाही येत नाही? प्रत्येक फाशाला उरलेली पाच चित्रं मोकळी, म्हणून ५ × ५ × ५ = १२५. एकाच फाशावर येतं अशा किती? तो एक फासा कोणता हे तीन प्रकारे ठरेल, बाकी दोघांना पाच-पाच मोकळीक, म्हणून ३ × ५ × ५ = ७५. नेमकं दोनांवर? कोणत्या फाशावर येत नाही हे तीन प्रकारे ठरेल आणि त्याला पाच मोकळीक, म्हणून १५. तिन्हींवर? १.

१२५ + ७५ + १५ + १ = २१६. ही बेरीज जुळली नाही तर पुढे एक पाऊलही टाकू नका. काहीतरी दोनदा मोजलं गेलंय किंवा काहीतरी सुटलंय.

म्हणजे जिंकण्याच्या निष्पत्ती २१६ पैकी ९१. अर्ध्या म्हणजे १०८ झाल्या असत्या. शेकड्यात पाहिलं तर जिंकण्याची संभाव्यता सुमारे ४२ टक्के.

चौथं काम गुणाकार आणि बेरीज, यात विशेष काही नाही :

नाही : १२५ × (−१०) = −१२५०
एकावर : ७५ × १० = ७५०
दोनांवर : १५ × २० = ३००
तिन्हींवर : १ × ३० = ३०

बेरीज −१७०. भागिले २१६ म्हणजे −०.७८७. दहा रुपयांच्या प्रत्येक डावामागे सरासरी एकोणऐंशी पैसे जातात. मी इथे आधी मोजदादीनं गुणलं आणि २१६ नं शेवटी एकदाच भागलं. प्रत्येक ओळीत दशांश अपूर्णांक काढून गुणलं तरी चालतं, पण तशानं चुका वाढतात. भागाकार शेवटी ठेवावा.

शंभर डावांत सरासरी नुकसान एकोणऐंशी रुपये झालं असतं, त्याचं एकशे ऐंशी झालं. तेवढं कमी-जास्त शंभर डावांत सहज होतं.

पण मला त्याला फक्त 'तुझं चुकलं' म्हणून परत पाठवायचं नव्हतं, कारण त्याचं अर्ध-अर्ध हे गणित पूर्णपणे चुकीचं नाही. संख्या बदलून बघा. 'माझं चित्र किती फाशांवर आलं' ही संख्या घ्या. ती ०, १, २ किंवा ३ असते. तिचं अपेक्षित मूल्य : १२५ × ० + ७५ × १ + १५ × २ + १ × ३ = १०८, भागिले २१६, म्हणजे बरोबर अर्धा! त्यानं जे काढलं होतं ते चित्र येणाऱ्या फाशांच्या संख्येचं अपेक्षित मूल्य होतं, जिंकण्याची संभाव्यता नव्हे. त्याला बरोबर उत्तर मिळालं होतं, दुसऱ्याच प्रश्नाचं. हे फळ्यावर उतरल्यावर त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही.

यात एक मोठी सोय दडलेली आहे. अपेक्षित मूल्यांची नुसती बेरीज करता येते. एका फाशाचं १/६, तीन फाशांचं ३/६, इतकं सरळ. फासे एकमेकांवर अवलंबून असले तरी ही बेरीज चालते. संभाव्यतांची अशी बेरीज चालत नाही, कारण दोन फाशांवर एकदमच चित्र आलेली निष्पत्ती दोनदा मोजली जाते. सहा फासे असते तर त्या रीतीनं संभाव्यता सहा षष्ठांश, म्हणजे खात्रीच झाली असती, आणि सहा फाशांत एकदाही चित्र न येणं तर अगदी रोजचं आहे.

उत्तर दुसऱ्या बाजूनं तपासा

कोणतंही अपेक्षित मूल्य आलं की मी आधी बघते, ते सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या किमतीच्या मधलं आहे का. −०.७८७ हे −१० आणि ३० यांच्यामध्ये आहे, ठीक. मग जमलं तर पलीकडच्या माणसाच्या जागी बसून तोच हिशोब पुन्हा करते.

समजा सहा जणांनी सहा चित्रांवर दहा-दहा रुपये लावले. तिन्ही फाशांवर वेगवेगळी चित्रं आली, तर पटवाला तिघांना दहा-दहा देतो आणि उरलेल्या तिघांचे दहा-दहा घेतो. त्याला शून्य. दोन फासे सारखे आले, तर एकाला वीस, एकाला दहा द्यायचे आणि चौघांचे घ्यायचे. त्याला दहाचा फायदा. तिन्ही सारखे आले, तर एकाला तीस द्यायचे, पाच जणांचे पन्नास घ्यायचे. फायदा वीस. तिन्ही वेगळे येण्याच्या निष्पत्ती ६ × ५ × ४ = १२०, तिन्ही सारखे येण्याच्या ६, उरलेल्या ९० मध्ये दोन सारखे. मग त्याचं अपेक्षित मूल्य : ९० × १० + ६ × २० = १०२०, भागिले २१६. हे सहा जणांकडून मिळालेलं, म्हणून एकाकडून १७०/२१६. आपलंच उत्तर, चिन्ह उलटं.

मला ही दुसरी रीत पहिलीपेक्षा जास्त आवडते, कारण पैसा नेमका कुठून गळतो ते ती दाखवते. आपल्याला वाटतं, दोन किंवा तिन्ही फासे सारखे येणं ही आपली चैन, दुप्पट-तिप्पट मिळाले. पटवाल्याची कमाई फक्त त्याच डावांतून होते. दुप्पट-तिप्पट ही रक्कम कमी आहे. ती किती असायला हवी? ७५ × १० + १५ × क + १ × ख = १२५०, म्हणजे १५ × क + ख = ५०० असेल तर खेळ समसमान होईल. क = ३० आणि ख = ५० घेतलं तर बरोबर जुळतं. दोन फाशांना तिप्पट आणि तीन फाशांना पाचपट दिलं असतं तर पटवाल्याला रात्रभर बसून सरासरी काहीच मिळालं नसतं.

वर्गात करून पाहिलं तेव्हा

त्याच आठवड्यात मी चितारआळीतून, म्हणजे आमच्याकडच्या लाकडी खेळण्यांच्या बाजारातून, तीस लाकडी फासे आणले आणि ठिपक्यांवर चित्रं चिकटवली. हातानं घडवलेले फासे अगदी तंतोतंत समतोल असतील असं नाही, हे मुलांना आधीच सांगितलं. चाळीस मुलं, चौघांचा एक गट, प्रत्येक गटाला तीन फासे आणि मूठभर चिंचोके. पैशांचं नावही नाही. प्रत्येकानं ५४ डाव टाकायचे, एका डावाला एक चिंचोका. चौघांचे मिळून २१६ डाव होतात, म्हणजे आपल्या हिशोबानं एका गटाचे सरासरी १७ चिंचोके जायला हवेत, आणि दहा गटांचे १७०. लागोपाठच्या दोन तासिका यात गेल्या, शेजारच्या वर्गातून आवाजाची तक्रारही आली.

गेले १४३. सिद्धान्ताच्या जवळ, तरी अगदी तोच नाही, आणि तो तसाच असायचा.

मला मात्र दुसरा आकडा महत्त्वाचा वाटला. ५४ डावांनंतर चाळीसपैकी ११ मुलं फायद्यात होती, दोघांचं तेवढ्यास तेवढं, बाकी २७ तोट्यात. एका मुलीकडे तर नऊ चिंचोके जास्त होते. जत्रेत चाळीस माणसं पटाभोवती उभी असतील तर दुसऱ्या दिवशी गावात या अकरांच्याच कहाण्या फिरतात. त्या खोट्या नसतात. त्या ऐकून अपेक्षित मूल्याचा अंदाज बांधता येत नाही, एवढंच. चिंचोके मोजून झाल्यावर मी अकरा जणांना एका बाजूला उभं केलं, सत्तावीस जणांना दुसऱ्या बाजूला, आणि थोडा वेळ काहीच बोलले नाही. तुम्ही शिक्षक असाल तर हा प्रयोग जरूर करा, फळ्यावरच्या कुठल्याही गणितापेक्षा तो जास्त काळ लक्षात राहतो.

हीच रीत, दुसरी ठिकाणं

एकदा चार कामं हातात बसली की बाकीची उदाहरणं पटापट सुटतात. गणेशोत्सवातली कुपनाची सोडत घ्या. ५०० कुपनं, एक कुपन ५० रुपयांचं, बक्षिसं ८०००, ३००० आणि १०००. सगळी कुपनं खपली असतील तर एकेका बक्षिसाची संभाव्यता १/५००, म्हणून बक्षिसाचं अपेक्षित मूल्य १२०००/५०० = २४ रुपये, कुपनाचे ५० वजा करून −२६. मी तरीही दरवर्षी दोन कुपनं घेते. उरलेले सव्वीस रुपये मंडपाला आणि प्रसादाला जातात हे मला माहीत असतं आणि ते मला द्यायचेच असतात.

पणजी आमच्याकडून जवळ, आणि मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजांवर जाऊन आलेले लोक इथे पुष्कळ. तिथल्या रूलेच्या चाकावर किती खाने आहेत ते मोजायचं. एक शून्य असलेल्या चाकावर ३७ खाने असतात. एका आकड्यावर शंभर रुपये लावले आणि तो आला तर ३५०० मिळतात, नाहीतर शंभर जातात : (३५०० − ३६ × १००)/३७ = −१००/३७, म्हणजे शंभरामागे सुमारे दोन रुपये सत्तर पैसे. दोन शून्यं असलेल्या चाकावर ३८ खाने, देणं तेवढंच, आणि तोटा एकदम ५ रुपये २६ पैसे. एक खाना वाढला आणि तोटा जवळजवळ दुप्पट झाला. टक्क्यांमध्ये पाहिलं तर जत्रेतला पट या दोन्हींपेक्षा महाग, शंभरामागे ७ रुपये ८७ पैसे.

अपूर्ण राहिलेल्या खेळाचा प्रश्न तर या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे. १६५४ मध्ये फ्रान्समध्ये पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांनी एकमेकांना पत्रं लिहून तो सोडवला. दोन खेळाडूंनी ३२-३२ पिस्तोल, म्हणजे सोन्याची नाणी, लावली आहेत. जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळी ६४. दोन विरुद्ध एक अशी स्थिती असताना खेळ थांबवावा लागला, तर पैसे कसे वाटायचे? पुढचा डाव झाला असता तर काय, एवढंच बघायचं. पुढे असलेला जिंकला तर त्याला ६४, हरला तर दोन-दोन अशी बरोबरी, आणि मग त्याचे ३२ कुठे जात नाहीत. म्हणून १/२ × ६४ + १/२ × ३२ = ४८. त्याला ४८, दुसऱ्याला १६. तीन वर्षांनी, १६५७ मध्ये, डच गणितज्ञ हॉयगेन्सची या विषयावरची छोटी पुस्तिका छापली गेली, आणि अपेक्षित मूल्याची कल्पना त्यातून पुढच्यांच्या हातात आली. कॅरमची मॅच वीज गेल्यामुळे अर्धवट राहिली की आमच्या वर्गात हल्ली हाच न्याय लागतो.

संख्या पैशांचीच असायला हवी असंही नाही. लुडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर येत नाही. सरासरी किती वेळा फासा टाकावा लागेल? या संख्येच्या किमती १, २, ३ अशा संपतच नाहीत, मग बेरीज कशी करायची? अपेक्षित मूल्याला 'अ' म्हणा. एकदा फासा टाकावा लागणारच. त्यानंतर ५/६ संभाव्यतेनं आपण पुन्हा सुरुवातीच्या जागी असतो, आणि तिथून पुढे सरासरी पुन्हा 'अ' वेळा. म्हणून अ = १ + (५/६) × अ, यातून अ = ६. पास्कलच्या युक्तीचीच ही बहीण : पुढच्या एका पावलापर्यंत बघायचं, आणि पलीकडे जे उरतं त्याची किंमत धरायची.

एका चुकीबद्दल सावध करते, कारण ती कधीकधी पकडली जात नाही. दोन फाशांची बेरीज २ ते १२, म्हणजे अकरा किमती. काही मुलं प्रत्येकीला १/११ संभाव्यता देतात आणि सरासरी ७ काढतात. ७ हे उत्तर बरोबर आहे! बेरजा सातच्या दोन्ही बाजूंना सारख्या पसरलेल्या असल्यामुळे चुकीच्या रीतीनंही बरोबर उत्तर आलं. त्याच मुलांना मी मग विचारते, दोन फाशांपैकी मोठा आकडा घेतला तर त्याचं अपेक्षित मूल्य किती? त्याच रीतीनं ते ३.५ सांगतात. खरं उत्तर १६१/३६, जवळजवळ साडेचार. १ हा मोठा आकडा ३६ पैकी एकाच निष्पत्तीत येतो, ६ हा अकरांत. किमती किती आहेत यावरून त्या समान शक्यतेच्या ठरत नाहीत.

आणि अपेक्षित मूल्य उणे आहे म्हणून ती गोष्ट करूच नये असंही मी कधी शिकवत नाही. विम्याचा हप्ता भरणाऱ्याचं अपेक्षित मूल्य सहसा उणेच असतं, नाहीतर कंपनी चालणार कशी? तरी ज्याची एकच होडी आहे त्यानं तिचा विमा उतरवावा. होडी गेली तर पुन्हा शंभर वेळा समुद्रात उतरून सरासरी भरून काढायची संधी त्याला नसते.

तो मुलगा दोन दिवसांनी परत आला. या वेळी त्याच्याकडे योजना होती : हरलो की पुढच्या डावाला दुप्पट लावायचे. १०, २०, ४०, ८०. एकदा चित्र आलं की उठून घरी. खिशात १५० रुपये ठेवायचे. चारही डाव हरणं किती कठीण, मॅडम!

मी उत्तर दिलं नाही, खडू दिला. चारही हरण्याची संभाव्यता (१२५/२१६) चा चौथा घात, सुमारे ०.११२. म्हणजे दहापैकी जवळजवळ नऊ रात्री तो खरोखरच पैसे घेऊन घरी येणार. त्याला आनंद झाला. मग मी म्हटलं, संख्येचं वाक्य लिही, आणि हरण्याची ओळ आधी. त्यानं लिहिलं. दीडशे रुपये जाण्याची संभाव्यता ०.११२. पहिल्याच डावात जिंकून उठण्याची ०.४२१, दुसऱ्यात ०.२४४, तिसऱ्यात ०.१४१, चौथ्यात ०.०८२. बेरीज १. दुप्पट-तिप्पट धरून जिंकलेल्या डावात लावलेल्या रकमेच्या सरासरी १०८/९१ पट मिळतात, त्यातून आधीच्या डावांत गेलेले वजा केले की फायदा अनुक्रमे ११.८७, १३.७४, १७.४७ आणि २४.९५ रुपये. गुणून बेरीज : १२.८६. वजा दीडशे गुणिले ०.११२, म्हणजे १६.८०. उत्तर −३.९४.

मी त्याला दुसरी वाट दाखवली. लावलेल्या प्रत्येक रुपयामागे १७/२१६ जातात, क्रम कसाही लावा. मग एका रात्री सरासरी किती रुपये लावले जातात तेवढंच काढ. पहिले दहा नक्की लागणार, वीस तेव्हाच लागणार जेव्हा पहिला डाव हरलो, आणि असं पुढे. त्यानं काढलं : ५० रुपये ४७ पैसे. गुणिले १७/२१६ म्हणजे ३.९७.

फळ्याकडे बघत तो म्हणाला, "मॅडम, तीन पैशे खंय गेले?"

दशांशाचे तीनच आकडे घेतल्यामुळे, मी म्हटलं. त्याचं समाधान झालं नाही. बाकावर बसून त्यानं सगळं पुन्हा मांडलं, या वेळी सहा-सहा आकडे घेऊन. शिपाईकाका खिडक्या लावायला आले तेव्हा दोन्ही वाटांनी ३.९७ आलं होतं.